भाकरी सोडली, तरी काटा हलेना!

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीत विश्रामबागला राहते, वय ३८. जिममधल्या मैत्रिणीनं सांगितलं कार्ब्स म्हणजे डायरेक्ट चरबी, म्हणून भाकरी, भात, चपाती सगळं बंद केलं. पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरले, पण त्यानंतर महिना झाला, काटा जागचा हलत नाही. भूक लागली की शेंगदाणे नाहीतर पनीर खाते. सासूबाई म्हणतात, शाळूची भाकरी खाऊन आमच्यात कोण जाडं झालंय? तुम्हीच सांगा कोण बरोबर.

उत्तर : सासूबाईंची बाजू घेतली तर तुम्ही मासिक बंद कराल, पण बरंचसं त्यांचंच बरोबर आहे. आधी ते अडीच किलो बघू. आपलं शरीर कार्ब्सचा थोडा साठा लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ठेवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात, सगळं मिळून साधारण ४००-५०० ग्रॅम, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. भाकरी-भात बंद केला की हा साठा उतरतो आणि पाणीही जातं. म्हणजे त्या अडीच किलोत चरबी थोडीशीच, बाकी बहुतेक पाणी. परत भात सुरू केला की एक-दीड किलो वाढलेला दिसेल, तेव्हा घाबरू नका, तेही पाणीच.

आता चरबीचं. कार्ब्स खाल्ले की इन्शुलिन, म्हणजे रक्तातली साखर आवरणारं हार्मोन, वाढतं आणि तेवढा वेळ चरबी बाहेर पडायची थांबते हे खरं आहे, मैत्रिणीनं तेवढंच ऐकलेलं दिसतंय. पण कार्ब्सपासून नवीन चरबी बनवायचं काम आपलं शरीर रोजच्या जेवणावर फार कमी करतं. ते आधी कार्ब्स जाळतं, आणि त्याच ताटातलं तेल, कूट, तूप शिल्लक राहतं ते साठवून टाकतं. त्यामुळं दिवसभरात जास्त गेलं तर चरबी वाढणार, मग ते भाकरीतून जाऊ दे नाहीतर पनीरमधून. आणि दिवसभरात खर्चापेक्षा कमी खाल्लं तर इन्शुलिन उतरल्यावर, रात्री झोपेत वगैरे, साठवलेली चरबी निघतेच.

तुमची गाडी अडलीय ती बहुतेक शेंगदाण्यात. कार्ब्सच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, फॅटच्या एका ग्रॅमला ९. पन्नास ग्रॅम पिठाची शाळूची भाकरी साधारण १७०-१७५ कॅलरीची, आणि ३० ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे एक मूठ, तेवढ्याच. तुम्ही दिवसात किती मुठी खाता ते लिहिलं नाहीत! आपल्या सांगलीची भडंगच घ्या, चुरमुरे बिचारे हलके, पण फोडणीचं तेल आणि आतले दाणे मोजले की हिशेब फिरतो, आणि शिव्या मात्र चुरमुऱ्यांना.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचा एक अभ्यास छापून आला, ६०९ लोक, वर्षभर, निम्म्यांना कमी फॅट आणि निम्म्यांना कमी कार्ब्स. वजन सरासरी उतरलं ५.३ किलो आणि ६ किलो, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. दोन्हीकडच्यांना साखर आणि मैदा कमी करायला आणि भाज्या भरपूर खायला सांगितलं होतं, मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

म्हणजे काय करायचं? दोन्ही जेवणात एक-एक भाकरी परत घ्या, सोबत डाळ, उसळ किंवा अंडं, आणि पालेभाजी ताटात अर्धी तरी दिसू दे. भाजीला तेल ओतायचं ते चमच्यानं मोजून, बाटली तिरकी करून नाही. चहा दिवसात चार वेळा दोन-दोन चमचे साखरेचा असेल तर तिथंच १६० कॅलरी गेल्या, आणि त्यानं पोटही भरत नाही. बेदाणे आपल्याकडचे म्हणून मूठमूठ खाऊ नका, त्यात साखरच जास्त असते.

एक मात्र विचारायचं राहिलं, घरात कुणी शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेत असेल तर तुमचं बघून त्यांनी भाकरी-भात एकदम बंद करू नये, शुगर खाली जाऊ शकते, आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या.