शेताच्या बांधावरचं पांढऱ्या सालीचं काटेरी झाड: बाभूळ, खैर की हिवर?

तुमचा प्रश्न असा आहे: शिंदखेडा तालुक्यात शेत घेतलंय, बांधावर पांढरट सालीची काही काटेरी झाडं आहेत, भाद्रपदात त्यांच्या शेंड्यांवर फिकट फुलांचे मोठे घोस येतात. शेजारी कुणी त्याला बाभूळ म्हणतं, कुणी खैर, कुणी हिवर. जेसीबीवाला म्हणतो, काटेरीच आहे, काढून टाकू. झाड कोणतं, आणि पिकाला अडचण होईल अशी भीती असताना ठेवावं का?

वर्णनावरून हा हिवर आहे. आणि तो ठेवाच. मी धुळे जिल्ह्यातच वनस्पतीशास्त्र शिकवतो. साक्री, शिरपूर, लळिंगच्या बाजूला विद्यार्थ्यांना घेऊन फिरताना सगळ्यात जास्त गल्लत ज्या झाडाबद्दल होते ते हेच. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

साल पांढरट म्हणजे हिवर, एवढ्यावर थांबू नका. तरुण झाडाची साल पिवळसर पांढरी, गुळगुळीत असते आणि तिचे पातळ तुकडे सुटतात. खोड जुनं झालं की बुंध्याकडची साल काळपट, खडबडीत होते आणि लांबून बाभळीचाच भास होतो. अशा वेळी मान वर करून फांद्या बघा, तिथे फिकट रंग टिकलेला असतो. झाडाचा माथा पसरट, जवळजवळ सपाट. आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत तो फार उंच जात नाही. चांगली जमीन आणि ओल मिळाली तर पंधरा-वीस मीटरही होतो.

आता काटा. पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो, नेमक्या त्या ठिकाणी दोन बाजूंना दोन सरळ काटे असतात. पानाच्या बुडाशी जी उपपर्णं असतात, त्यांचेच हे काटे झालेले आहेत. रोपावर आणि कोवळ्या फुटव्यावर ते चांगले लांब, कधी तीन-चार सेंटिमीटरचे असतात. मोठ्या झाडाच्या वरच्या फांद्यांवर मात्र काटा शोधावा लागतो. त्यामुळे ‘काटे कमी आहेत, म्हणजे बाभूळवर्गातलं नाही’ असा निष्कर्ष काढू नका. बाभळीचे काटेही असेच उपपर्णांचे, जोडीने आणि सरळ. खैराचे तसे नाहीत. खैराचे आखूड, मागे वळलेले, आकडीसारखे असतात. शर्टाची बाही अडकली आणि ओढल्यावर फाटली तर बहुधा तो खैर.

हा फरक वरवरचा नाही. पूर्वी ही सगळी झाडं अकेशिया या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) मोडत. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतीशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे ठेवायचं ठरलं आणि २०११ मध्ये मेलबर्नला ते कायम झालं. मग आपल्याकडच्या झाडांची विभागणी झाली: उपपर्णांचे सरळ काटे असलेली बाभूळ, हिवर, देवबाभूळ ही व्हॅचेलियात गेली, तर आकडीच्या काट्यांचा खैर सेनेगालियात. म्हणून १८०६ मध्ये जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ विल्डेनो यांनी दिलेलं अकेशिया ल्युकोफ्लिया हे हिवराचं नाव जुन्या पुस्तकांत सापडेल आणि नव्या याद्यांत व्हॅचेलिया ल्युकोफ्लिया दिसेल. झाड तेच. मला स्वतःला हा निर्णय मनापासून पटलेला नाही, कारण अकेशिया या नावाचा मूळ नमुना आपली बाभूळच होती. पण काट्यावरून दोन गट पाडणं शास्त्राला धरून आहे, आणि शेतात उभं राहून ते कुणालाही तपासता येतं.

सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे फुलं. बाभळीचे सोनेरी पिवळे गोल गेंद पानांच्या बेचक्यात येतात, तेही पावसाळ्याच्या सुरुवातीपासून. खैराची फुलं गेंदात नसतातच, त्यांचे लांबट तुरे असतात. हिवराचे गेंद लहान, जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटरचे, फिकट पिवळे ते जवळपास पांढरे. आणि ते एकेकटे न येता फांदीच्या टोकाला भल्यामोठ्या, फांद्या फुटलेल्या फुलोऱ्यात येतात. ऑगस्टपासून पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत हा बहर चालतो. त्या दिवसांत शिंदखेडा-दोंडाईचा रस्त्याने जाताना पसरट माथ्यावर मलईच्या रंगाचा थर दिसला, तर गाडी थांबवायचीही गरज नाही. तुम्ही भाद्रपदातले घोस लिहिलेत, तिथेच माझी शंका मिटली.

शेंगा म्हणाल तर बाभळीची शेंग प्रत्येक बीजागणिक आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी. हिवराची अरुंद, चपटी, थोडी वाकलेली, दहा-बारा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, आणि तिच्यावर बारीक तपकिरी लव असते. पानं सगळ्यांचीच दुहेरी पिसासारखी, त्यामुळे नवखा माणूस तिथे फसतो. हिवराच्या पानात उपदेठांच्या (मधल्या देठाला फुटलेल्या बारीक देठांच्या) साधारण पाच ते बारा जोड्या असतात, खैरात बहुधा याहून बऱ्याच जास्त. भिंग असेल तर हिवराच्या मधल्या देठावर, उपदेठांच्या जोड्यांमध्ये, बारीक गोल ग्रंथी दिसतील.

वेडी बाभूळ वेगळीच. ती अमेरिकेतून आणलेली, शमीच्या नात्यातली, तिचीही फुलं लांबट तुऱ्यात. बांध साफ करायचा तर तिच्यावर यंत्र चालवा, माझी हरकत नाही.

हिवराबद्दल मला कळकळ आहे ती यासाठी की तो इथलाच आहे. तापीच्या दक्षिणेकडचा कोरडा पट्टा, पांझरा-बुराईच्या काठची उजाड टेकाडं, इथे अंजन, पळस, बोर, हिंगणबेट यांच्यासोबत तो वाढतो. वर्षाला चारशे मिलिमीटर पाऊस झाला तरी तग धरतो. मात्र सावकाश वाढतो. तुमच्या बांधावरचं मोठं झाड तुमच्या आधीच्या पिढीतलं असणार. आज काढलंत तर त्या जागी तेवढं झाड तुम्हाला बघायला मिळेल की नाही, सांगता येत नाही.

उपयोगही कमी नाहीत. शेंगा उन्हाळ्यात पिकतात, नेमक्या चारा संपलेला असताना, आणि शेळ्या त्या आवडीने खातात. पाल्यात आणि शेंगांत काही वेळा हायड्रोसायनिक आम्ल हे विष असतं, त्यामुळे उपाशी जनावराला एकट्या हिवराचा पाला भरपूर घालू नका. दुसऱ्या चाऱ्यात मिसळून द्या. गाभ्याचं लाकूड विटकरी रंगाचं, जड आणि टणक, औतकाठीला आणि खांबांना चांगलं, पण धागा गुंतलेला असल्यामुळे कापताना सुताराचा घाम निघतो. सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य असतं. दारू गाळताना ही साल घालायची पद्धत देशात अनेक भागांत होती. सालीचा धागा दोरांना आणि जाळ्यांना वापरत, आणि दुष्काळात साल कुटून पिठात मिसळून खाल्ल्याच्याही नोंदी आहेत.

पिकाला अडचण होईल ही तुमची भीती खोटी नाही. पसरट माथ्याची सावली पडते, आणि नांगराने मुळं दुखावली की तिथून फुटवे येतात. म्हणून बांधापासून हातभर अंतर सोडून नांगरा, खालच्या फांद्या उन्हाळ्यात छाटा, काट्या कुंपणाला लावा. चारही बाजूंनी एकदम छाटू नका. फुलोऱ्याच्या दिवसांत तर अजिबात नको, त्या काळात मधमाश्यांची मोठी वर्दळ असते.

आणखी झाडं हवी असतील तर एप्रिल-मेमध्ये झाडावरच्या पिकलेल्या शेंगा काढा. बीचं कवच कठीण असतं. उकळतं पाणी आचेवरून उतरवून त्यात बी टाका, रात्रभर तसंच थंड होऊ द्या, आणि फुगलेलं बी लांब पिशवीत लावा, कारण सोटमूळ लवकर खोल जातं. पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोप बांधावर न्या आणि पहिली काही वर्षं शेळ्यांपासून जपा.