जमिनीवर रस्त्याची रेघ: हरकत कुठे व कधी?

प्रश्न : बडोद्याच्या हद्दीबाहेरील आमच्या वडिलोपार्जित शेतातून टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीमचा रस्ता जाणार असल्याचे समजले. जमीनमालकांचे म्हणणे ऐकले जाते का?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : ऐकले जाते, मात्र ते मुदतीत आणि लेखी मांडले पाहिजे. गुजरातच्या 1976 च्या नगररचना कायद्यानुसार संपूर्ण परिसराच्या विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांत, तर टीपी स्कीमचा (जमिनी एकत्र करून रस्ते आखणाऱ्या व मालकांना नव्याने आखलेले खंड परत देणाऱ्या नगररचना योजनेचा) मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्यात हरकती व सूचना देता येतात. टीपी स्कीमचा मसुदा प्रसिद्ध होण्याआधी मालकांची सभा बोलावून प्राथमिक आराखडा समजावून सांगितला जातो. या सभेकडे अनेकजण पाठ फिरवतात, पण आमच्या मते रेघ हलवणे सर्वांत सोपे असते ते याच टप्प्यावर. सभेत एफ फॉर्म (स्कीममधील मालकनिहाय तक्ता) पाहावा, कारण त्यात मूळ खंड (आजची जमीन), त्याचे क्षेत्रफळ, बदल्यात मिळणारा अंतिम खंड आणि मालकाने स्कीमसाठी भरावयाची रक्कम एकाच ओळीत दिलेली असते. आपले नाव व क्षेत्रफळ सातबाऱ्याशी ताडून पाहिल्यावाचून उठू नये.

‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढ्याने काही साधत नाही. रस्ता सरकवल्यास विहीर कशी वाचते, उरलेला तुकडा बांधकामास योग्य कसा राहतो, हे नकाशावर दाखवावे, आणि शेजारच्या मालकांच्या सह्या घ्याव्यात; मात्र रस्ता त्यांच्याच शेतात ढकलणारी सूचना असेल, तर सह्या मिळणे कठीण. सादर केलेल्या अर्जाची पोच जरूर घ्यावी. मसुदा मंजूर झाल्यावर नेमला जाणारा नगररचना अधिकारी मालकांना पुन्हा सुनावणी देतो.