वेषांतर नव्हे, जात्यंतर!

ब्रह्मपुरीकडच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. मित्रांसोबत तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो, म्हणजे प्रत्येकानं एकेका पात्राचं सोंग घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ; तोही मराठीतून आणि जमेल तिथे झाडीबोलीतून, म्हणजे पूर्व विदर्भाच्या आपल्या बोलीतून. त्याचं पात्र आधी एल्फ होतं, म्हणजे दीर्घायुषी, यक्षासारखं. ते मेलं, ड्रुइडने, म्हणजे खेळातल्या रानातल्या मांत्रिकाने, मंत्र घालून उठवलं, आणि फाशांनी त्याला ड्वार्फ, म्हणजे बुटका, केलं. ड्वार्फही मेला, तोही तसाच उठवला, आता तो हाफ-ऑर्क, म्हणजे सुळेवाला अर्धा राक्षस, आहे. खेळ चालवणारा मित्र याला 'वेषांतर' म्हणतो, दुसरा 'वंश बदलला' म्हणतो, आणि यानं 'माझ्या पात्राची जात बदलली' म्हटलं तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. बरोबर शब्द कोणता, आणि अशा पात्राचं सोंग आणताना त्याची बोली बदलावी का, असं त्यानं विचारलं आहे.

'वेषांतर' आधी निकालात काढतो, कारण हा शब्द वाटेल तिथे चिकटवलेला ऐकून कान किटले आहेत. अहल्येची शिळा झाली तरी वेषांतर, मारीचाचं हरीण झालं तरी वेषांतर! अहो, वेष अंगावर चढतो आणि अंगावरून उतरतो. मंडईच्या, म्हणजे आपल्याकडच्या गावजत्रेच्या, रात्री दंडारीच्या लोकनाट्यात लुगडं नेसून नाचलेला माणूस पहाटे बोरिंगवर तोंड धुतो, रंगाचे ओघळ गळ्यापर्यंत येतात, आणि दिवस वर येईतो तो विळा घेऊन धानाच्या बांधीत उतरलेला असतो. त्यानं केलं ते वेषांतर. हाफ-ऑर्कचे सुळे धुऊन जात नाहीत. 'बहुरूपी' त्याच कारणानं बाद. 'पुनर्जन्म'ही नको, कारण इथे जन्मच नाही. खेळाच्या २०१४च्या नियमांत ड्रुइडचा हा मंत्र मरणापासून १० दिवसांच्या आत घालावा लागतो, त्याला १ तास आणि किमान १००० सुवर्णनाण्यांची तेलं-उटणी लागतात, आणि उठतो तो थेट वाढलेला देह, आधीच्या सगळ्या आठवणींसकट. ना गर्भ, ना पाळणा.

आता 'वंश'. परिभाषा घडवणाऱ्यांनी 'रेस'ला 'वंश' ठरवलं, तो मानववंशशास्त्रात खपून गेला, आणि तेव्हापासून जो तो तोच उचलतो. वंश म्हणजे मुळात बांबू. पेरावर पेर चढतं तशी बापामागून लेक, लेकामागून नातू. वंश सांगतो तुम्ही कोणाचे. तुम्ही काय आहात हे तो सांगत नाही. देह बदलला म्हणून बाप बदलत नाही. तुमचा हाफ-ऑर्क आजही त्याच एल्फ मायबापाचं लेकरू आहे. वंश वाढतो, खुंटतो, बुडतो; बदलत नाही. खुद्द खेळानंही २०२४च्या नियमांत 'रेस' टाकून 'स्पीशीज' घेतलं आहे. त्याला मराठीत 'प्रजाती' म्हणाल, तर 'जाती' आलीच की पोटात.

म्हणजे ज्या शब्दावर सगळे गप्प झाले तोच शब्द अर्थानं नेमका होता. मित्र का गप्प झाले ते मला कळतं. आपल्या गावांत आता कोणी जात विचारत नाही, 'तुमचा समाज कोणता?' म्हणतात, आणि त्या संकोचामागे जे भोगलं गेलं ते खरं आहे. पण तोच माणूस कृषी केंद्रात बेधडक विचारतो, 'धानाची कोणती जात आली?' नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवडून निवडून तयार केलेली 'एचएमटी' ही धानाची जातच. बैल जातिवंत असतो. हा अर्थ भाषेत जिवंत आहे.

इथे 'जात नाही ती जात' हे व्युत्पत्ती म्हणून तोंडावर फेकणारे भेटतात. सामाजिक शेरा म्हणून ते वाक्य धारदार आहे, पण व्युत्पत्ती म्हणून साफ खोटं. 'जाणे'शी काही संबंध नाही. धातू जन्, त्यावरून जाति: जन्मानं जे रूप मिळतं ते. आणि ते जातं, बदलतं, असं आपल्या जुन्या शास्त्रानंच सांगून ठेवलं आहे.

पतंजलीच्या योगसूत्रांत चौथ्या पादाचं दुसरं सूत्र काढा: 'जात्यन्तरपरिणामः प्रकृत्यापूरात्'. जात्यंतर! जाति आणि अंतर. हे अंतर ब्रह्मपुरी-नागपूर अंतर नव्हे. भाषांतर, देशांतर, मतांतर यांतलं, म्हणजे 'दुसरं'. एका जातीच्या देहाचं दुसऱ्या जातीत परिणत होणं. भाष्यकारांच्या मनातल्या जाती म्हणजे देव, मनुष्य, पशुपक्षी. त्याच्या आधीच्याच सूत्रात सिद्धी कशांनी मिळतात ते दिलं आहे, त्यात औषधी आणि मंत्र शेजारी शेजारी बसले आहेत. तुमच्या ड्रुइडकडे याहून वेगळं काय आहे? दुसऱ्या पादात कर्माची तीन फळं सांगितली आहेत: जाति, आयु, भोग. आता खेळातलं पान उघडा. एल्फ ७५० वर्षं जगू शकतो, ड्वार्फ साधारण ३५०, हाफ-ऑर्क ७५च्या पुढे क्वचित. ही झाली आयु. एल्फला झोपेची गरज नसते, ४ तासांचं ध्यान पुरतं. ड्वार्फला विष कमी बाधतं. हा झाला भोग. तिन्ही एकत्र बदलतात. मला तर हे जुळताना बघून फार आनंद होतो.

या विषयावर योगसूत्रांवरचं व्यासभाष्य उदाहरण देतं नहुषाचं, आणि नहुष म्हणजे तुमच्या पात्राचा थोरला भाऊच. मूळचा माणूस, राजा. मग देवांचा इंद्र. मग अगस्तीच्या शापानं अजगर. (हा अगस्ती आपला जावई; लोपामुद्रा विदर्भाची राजकन्या.) कीर्तनकार सांगतात की पालखी उचललेल्या ऋषींना नहुष 'सर्प, सर्प', म्हणजे 'चला, चला' म्हणाला आणि अगस्तीनं तोच शब्द त्याच्यावर उलटवला. सृप् धातू, सरपटणे. महाभारताच्या वनपर्वात हाच अजगर भीमाला विळखा घालतो, आणि सोडवायला आलेल्या युधिष्ठिराला स्वतःची ओळख काय देतो? मी सोमवंशातला, आयूचा मुलगा नहुष, तुझाच पूर्वज. जात अजगराची, वंश सोमाचा! 'वंश बदलला' म्हणणाऱ्यांनी एवढा एक प्रसंग वाचावा. पुढे त्या दोघांत वाद होतो तोही ब्राह्मण कोणाला म्हणावं यावर, आणि युधिष्ठिर म्हणतो की माणसांत इतकी सरमिसळ झाली आहे की जात ठरवणंच कठीण, वागणूक पाहावी. 'जात' शब्दाला घाबरून खेळणाऱ्या मित्रांना हेही वाचून दाखवा.

एक मत 'परकायाप्रवेश'चं आहे. सुशिक्षित मत आहे, पण चूक. परकायेत काया दुसऱ्याची असते. महानुभाव पंथाचं तीर्थ रिद्धपूर आपल्याच भागात असल्यानं त्यांचा शब्द इथल्या वाचकाला ठाऊक असेल: पतित उठवणे. भरुचच्या हरिपाळदेवाचा मृत देह चांगदेव राउळांनी स्वतः त्यात शिरून उठवला, तेच पंथाचे चक्रधर, असं पंथ मानतो. तिथला 'पतित' म्हणजे पापी नव्हे, पडलेला देह. फार सुंदर, नेमका शब्द. पण तुमच्या मंत्रात कोणाचा पडलेला देह घेतलेला नाही. नवाच घडवला आहे. म्हणून जात्यंतरच. फारच संकोच वाटत असेल तर प्रकाराला 'योनी' म्हणा. अमरकोशात यक्ष, रक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच हे सगळे 'देवयोनी' म्हणून एका श्लोकात बसवले आहेत. पण घडलेल्या गोष्टीला जात्यंतर म्हणा, त्याला पर्याय नाही.

राहिली बोली. सोंग तुम्ही आणता, जात्यंतर पात्राचं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा म्हणजे घोळ होणार नाही. स्मृती शाबूत आहे, तर बोलीही तीच राहील. नहुष अजगर झाल्यावर फूत्कारत बसला नाही, राजासारखाच प्रश्न विचारत होता. तेव्हा झाडीबोली सोडू नका. बदलायचं ते अंग: ड्वार्फची एका पाळीतली चाल ३० फुटांवरून २५वर आली होती, तर सोबत्यांना 'थांबा' म्हणायची सवय लागली असेल, हाफ-ऑर्क झाल्यावर ती पुन्हा ३० झाली, तरी काही दिवस तो उगाचच 'थांबा' म्हणेल. ७५० वर्षांच्या हिशेबानं कामं पुढे ढकलणाऱ्याला आता ७५च हाती आहेत, तो घाई करेल. पुढच्या खेळात एवढं करून बघा.