सड्यावरचा प्लॉट की पाटातलं घर?

"निवृत्तीनंतर कोकणात जाऊन राहायचं हे ह्यांचं पक्कं झालंय. मीही हो म्हटलंय, पण मनातून धास्ती वाटते. कशाची, ते मात्र सांगता येत नाही."

निवृत्तीपूर्व समुपदेशनात हा प्रश्न नेहमीचाच. कधी बायको विचारते, कधी नवरा. वरचे शब्द ज्या काकूंचे, ते जोडपं कोथरूडचं. काका 61 वर्षांचे, हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट बसवलेला, काकू 58 च्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) डिसेंबरात चार दिवस गुहागरला राहून आले होते. कोवळं ऊन, लांबलचक रिकामा किनारा, वाडीतला झोपाळा. येताना गावाबाहेर सड्यावरचा, म्हणजे वरच्या कातळपठारावरचा, 10 गुंठ्यांचा एक प्लॉट पाहिला, समुद्र दिसणारा. एजंट टोकन मागत होता आणि काकांना त्याच आठवड्यात ते द्यायचं होतं.

पहिल्या बैठकीत जवळजवळ सगळा वेळ काकाच बोलले. काकांसमोर काकूंचं एकच वाक्य: "मला काय, हे म्हणतील तिथे." असं वाक्य आलं की होकार-नकाराच्या वादात शिरायचंच नाही. घरचा अभ्यास द्यायचा. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर गुहागरातला एक साधा मंगळवार लिहायचा, सकाळी 6 ते रात्री 10, तासातासाचा. महिना मार्च. पाहुणे नाहीत, सण नाही, आणि एकमेकांचा कागद बघायचा नाही. कागदाच्या तळाला आणखी एक प्रश्न होता, त्याचं पुढे.

काकांच्या कागदावर 6 ला किनाऱ्यावर फेरी, 8 ला चहा, 9 ला झाडांना पाणी, 11 ला पेपर. तिथून संध्याकाळच्या सूर्यास्तापर्यंत एक उभी रेघ. काकूंचा कागद भरलेला होता, पण 'भाजी', 'देऊळ', 'औषधं' या तिन्हींपुढे कंसात तेच शब्द: "हे नेतील तेव्हा."

धास्ती कशाची होती ते त्या कंसात होतं. काकूंना गाडी येत नाही. कोथरूडमध्ये त्याची गरजच पडली नाही. मंडई, वाचनालय, बँक, भिशी, सगळं पायी नाहीतर रिक्षाने. सड्यावरून बाजार चार किलोमीटर, उतरताना आणि चढताना. म्हणजे मिरच्या संपल्या तरी नवऱ्याच्या मूडवर. वयाच्या 58 व्या वर्षी कुणाला ते नकोसं वाटलं तर त्याला 'निसर्गाची आवड नाही' म्हणणं अन्याय आहे. आणि काकांना त्या स्टेंटमुळे उद्या गाडी चालवायला मनाई झाली, तर दोघंही सड्यावर अडकणार.

मग प्रश्न बदलला. 'कोकण की पुणे' बाजूला ठेवून 'गुहागरात नेमकं कुठे' यावर बोलणं सुरू झालं. गुहागर किनाऱ्याला समांतर पसरलेलं गाव आहे. मध्ये बाजार, एसटी स्टँड, व्याडेश्वराचं देऊळ. दोन्हीकडे गावाचे दोन भाग, खालचा पाट आणि वरचा पाट, रस्त्यालगत घरं आणि मागे नारळी-पोफळीच्या वाड्या थेट किनाऱ्यावरच्या वाळूपर्यंत. स्टँडच्या जवळपास घर असेल तर काकूंच्या कागदावरचे बहुतेक कंस गळून पडतात. चिपळूणला जायला एसटी आहे, आणि 2023 पासून बायकांना तिकीट अर्धंच पडतं. समुद्र खिडकीतून दिसणार नाही, एवढंच. काकांना हे पचायला दोन बैठका लागल्या.

अट एक घातली: जागा घ्यायची नाही, आधी भाड्याने राहायचं. तेही जुलैत तीन आठवडे आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात. डिसेंबर बघून घर घेणं म्हणजे साखरपुड्यातल्या फोटोवरून संसाराचा अंदाज बांधणं.

जुलै का? पुण्यात वर्षाला साधारण 700-750 मिलिमीटर पाऊस. इथे 3000 च्या पुढे, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ज्या उन्हासाठी जायचं ते आठवडा-आठवडा दिसत नाही. कपडे दोरीवर तिसऱ्या दिवशीही दमट, कपाटातल्या चपलांवर बुरशी, रव्याला जाळी. वीज गेली की कधी येईल नेम नाही. इन्व्हर्टरच्या 150 ॲम्पियर-तासाच्या बॅटरीवर दोन पंखे आणि तीन-चार दिवे पाच-सहा तास चालतात, फ्रिज नाही. म्हणून गावातली माणसं आगोटीची भरणी, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, मेमध्येच करून ठेवतात, आणि नवी येणारी नेमकी इथेच चुकतात. दुसरी गोष्ट फुरसं, हा विषारी साप. जांभ्याच्या गडग्याच्या (दगडी कुंपणभिंतीच्या) फटीत बसलेलं हातभर लांबीचं मातकट जनावर, पटकन दिसत नाही. अंधार पडल्यावर हातात टॉर्च आणि पायात बंद बूट, गडग्यावर आधाराला हात ठेवायचा नाही, आणि सर्पदंशावरची (प्रतिविषाची) लस जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात मिळते ते पहिल्याच आठवड्यात जाऊन विचारायचं.

मे का, तर पाण्यासाठी. सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. पडलेलं पाणी झिरपून खाली निघून जातं आणि एप्रिलनंतर सड्यावरच्या विहिरी-बोअर तळ गाठतात. दोन माणसांना घरात दिवसाला 250 ते 300 लिटर लागतं. काकांना 10 नारळ लावायचे होते. त्यांना उन्हाळ्यात आणखी 400-500 लिटर. रोज. म्हणजे 5000 लिटरचा टँकर जेमतेम आठवडाभर पुरतो. खाली पाटात पाणी वर असतं, पण किनाऱ्यालगतच्या विहिरीवर पंप लावून मनमानी उपसा केला की तेच पाणी मचूळ होतं. शेजाऱ्याच्या विहिरीचं मेमधलं पाणी चाखून बघा, एजंटला विचारू नका.

स्टेंट असलेल्या माणसाने एक तालीम करायलाच हवी. घराच्या दारातून निघून अँजिओप्लास्टी होते अशा जवळच्या रुग्णालयापर्यंत, पावसात, रात्री, घड्याळ लावून जायचं. चिपळूण साधारण 45 किलोमीटर, वळणांचा रस्ता, तासाच्या पुढेच धरा. शिवाय 22 जुलै 2021 ला चिपळूणच पुराखाली होतं, आणि दरड आली की कराडकडे नेणारा कुंभार्ली घाटही बंद पडतो. त्यामुळे गावातच 24 तास ईसीजी कोण काढतं, आणि हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कुठे देतात, ही दोन उत्तरं फोन नंबरांसकट फ्रिजवर चिकटवलेली हवीत. 108 चा नंबर सगळ्यांना पाठ असतो. गाडी कुठून निघते आणि आपल्या दारी यायला किती मिनिटं लागतात, ते कुणी विचारत नाही. विम्याची कॅशलेस सोय तिथल्या रुग्णालयात आहे का, हेही तेव्हाच बघायचं.

प्लॉटचे कागद वकिलाकडे गेले आणि दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. सातबारा सामाईक, 17 नावं, त्यातली दोन माणसं मयत आणि वारसनोंद नाही. जमीन शेतीची, काका शेतकरी नाहीत. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. एजंटचा उपाय तयार होता: "शेतकरी दाखला करून देतो." हे शब्द ऐकले की तिथून उठायचं. खोट्या दाखल्यावरचा व्यवहार पुढे अवैध ठरतो, जमीन सरकारजमा होऊ शकते आणि टोकनही बुडतं. बिगरशेती आदेश, नकाशात दाखवलेली वाट, मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल, किनाऱ्याजवळ असेल तर भरतीरेषेपासूनचं अंतर. एवढं हातात येईपर्यंत एक रुपयाही नाही.

जुलैचे तीन आठवडे झाले. पावसाचा कंटाळा काकूंना येईल असं काका धरून चालले होते. प्रत्यक्षात 11 वाजल्यानंतरची ती उभी रेघ त्यांच्याच अंगावर आली. दहाव्या दिवशी ते भाड्याच्या घराची पन्हळ दुरुस्त करत बसले होते. काकू छत्री घेऊन रोज देवळात जात होत्या आणि शेजारणीकडून पाडेलीचा, म्हणजे नारळ उतरवणाऱ्याचा, नंबर घेऊन आल्या होत्या, झाडं आपली नसतानाही. यावरून बायका लवकर रमतात असा निष्कर्ष काढू नये. त्या रमल्या कारण उंबऱ्याबाहेर पडायला त्यांना कुणाची वाट बघावी लागली नाही.

शेवटच्या बैठकीत उरला होता तो कागदावरचा सर्वांत खालचा प्रश्न: दोघांपैकी एकच मागे राहिलं तर? काकूंनी पहिल्याच दिवशी एका ओळीत लिहिलं होतं: "कोथरूडला, आपल्याच घरात. मुलीकडे नाही." काकांनी जागा कोरी सोडली होती. तोपर्यंत कोथरूडचा फ्लॅट विकून कोकणात बंगला बांधायचा त्यांचा बेत शाबूत होता. त्यांनी काकूंची ओळ दोनदा वाचली, पेन मागून घेतलं आणि आपल्या कोऱ्या जागेत लिहिलं: "फ्लॅट विकायचा नाही."

आता खालच्या पाटात 11 महिन्यांच्या करारावर घर आहे. कोथरूडचा फ्लॅट तूर्त बंदच. भाड्याने द्यायचा तर एक खोली कुलपात ठेवून द्यायचा की पूर्ण, यावर दोघांचं अजून जमलेलं नाही.