समोर शस्त्र आलं तर?

प्रश्न : मी दुकानात कॅश काउंटरवर असते, संध्याकाळी बऱ्याचदा एकटीच. उद्या कोणी पिस्तूल किंवा चाकू घेऊन आलं तर नक्की काय करायचं? प्रतिकार करायचा का?

उत्तर : ताई, नाही, अजिबात नाही. गल्ल्यातले पैसे परत येतील, तुम्ही नाही. मागेल ते द्यायचं, वाद नको, उपदेश नको, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हात त्याला दिसतील असे ठेवा आणि हलायच्या आधी बोला, म्हणजे "चावी खिशात आहे, काढते हं" असं म्हणून मग हळूच हात न्यायचा, कारण घाबरलेला तोही असतो आणि अचानक खिशात गेलेला हात बघून त्याला वाटतं हिने काहीतरी काढलं. डोळ्यात रोखून बघू नका.

नजर शस्त्रावरच खिळते, चेहरा आठवत नाही, हे 1987 मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी प्रयोगातून दाखवलंय, म्हणून त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. जमलं तर उंची, आवाज, चपला-बूट एवढं बघा. बूट खास सांगते, जॅकेट काढून टाकतात, बूट सहसा तेच राहतात.

तो गेला की पाठलाग नाही! दार आतून लावा, पोलिसांना फोन, त्याने हात लावलेल्या वस्तूंना शिवू नका. आणि इतरांशी बोलायच्या आधी आठवतंय तसं कागदावर लिहून काढा, नाहीतर दुसऱ्याचं ऐकून आपली आठवण बदलते. नंतर हात कापतात, झोप उडते, ते अगदी साहजिक आहे, पण महिनाभर तसंच राहिलं तर डॉक्टरांना नक्की दाखवा.