फी भरण्याआधी मुलीला विचारा

प्रश्न : मुलगी २४ वर्षांची, मेकॅनिकल इंजिनियर. दीड वर्षापासून सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर्स आणि प्लॅनिंगला आहे. गोदामात खोकी मोजायला आम्ही तिला इंजिनियर केलं नाही. अमेरिकेतला भाचा म्हणतो, सप्लाय चेन ट्रान्सफॉर्मेशनचं, म्हणजे मालपुरवठ्याच्या साखळीत बदल घडवण्याचं, सीटीएससी सर्टिफिकेशन केलं की थेट लीडरशिपमध्ये जाता येतं. नोकरी सोडून सहा महिन्यांत ते करावं, लग्नाआधी मॅनेजर व्हावं, अशी आमची इच्छा आहे. पैशांची सोय केली आहे, तिला अजून बोललो नाही. हल्ली घरी आली की स्टॉक का जुळत नाही हे सांगून आमचं डोकं खाते. क्लास कोणता लावावा?
– एक पालक, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं कळलं, भाच्याचंही कळलं. मुलीचं म्हणणं कुठेच नाही. तिच्याबद्दलची एकच जिवंत ओळ आहे, ती स्टॉक न जुळण्याची, आणि ती तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. मला तर साऱ्या पत्रात तीच ओळ मोलाची वाटली. दिवसभराच्या ड्यूटीनंतरही जिच्या डोक्यातून तो हिशेब जात नाही, तिला त्या कामाची गोडी लागली आहे.

कमावत्या मुलीने नोकरी सोडायची हे तिच्या पाठीमागे ठरतंय, याची मला क्लासपेक्षा जास्त काळजी वाटते. लग्न कधी करायचं ते तुम्ही घरात बसून ठरवा, तिला विचारून. पण मुहूर्त धरून मॅनेजर होता येत नाही. आणि ‘खोकी मोजणं’ हा शब्द तिच्यासमोर उच्चारला असेल, तर तो मागे घ्या. कारखान्यात ब्रॅकेटसारखा एक छोटा भाग कमी पडला तरी उत्पादनाची अख्खी लाइन उभी राहते. तो भाग वेळेवर आणणं हे तिचं काम आहे.

आता तुमचा मुख्य गैरसमज. ट्रान्सफॉर्मेशन म्हणजे वरून येणारं काहीतरी, नवं सॉफ्टवेअर, सल्लागार, प्रेझेंटेशन, असं तुम्हाला वाटतं. मी मार्गदर्शनाकडे वळण्याआधी बरीच वर्षं एका कारखान्यात मटेरियल विभागात होतो. तिथे साठ्याच्या हिशेबासाठी नवी संगणक सिस्टिम बसवली. पहिल्याच आठवड्यात स्क्रीनवर एका पार्टचे ४०० नग दिसत होते, बिनमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्यात, होते ४०. लाइन थांबली. आमच्या जुन्या स्टोअरकीपरच्या खिशातल्या डायरीत आकडा बरोबर होता. रात्रपाळीत नोंदीची स्लिप न फाडता माल उचलला जातो, हे त्यांना माहीत होतं. प्रकल्पाच्या कुठल्याही बैठकीला त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. पुढचे चार महिने आमचं खरं काम काय होतं, तर रात्रपाळीच्या लोकांना स्लिपची सवय लावणं आणि त्या डायरीतलं सिस्टिममध्ये आणणं. बदल घडवणं म्हणतात ते हेच. सीटीएससीच्या अभ्यासात त्याची शिस्तशीर पद्धत शिकवतात आणि ती चांगली आहे. पण जिने रात्रपाळीचं स्टोअर पाहिलेलं नाही, तिला त्या पानांमध्ये नुसते शब्द दिसतील.

परीक्षांचं थोडक्यात सांगतो. सीटीएससी ही एएससीएम (असोसिएशन फॉर सप्लाय चेन मॅनेजमेंट) या अमेरिकी संस्थेची परीक्षा. जुने लोक या संस्थेला अजून एपिक्स म्हणूनच ओळखतात. ज्यांनी काही वर्षं या क्षेत्रात काढली आहेत आणि आता बदलाचे प्रकल्प हाताळायचे आहेत, त्यांच्यासाठी ती उपयोगाची. तुमच्या मुलीच्या आजच्या कामाला लागून आहे ती त्याच संस्थेची सीपीआयएम, कारण त्या परीक्षेचा विषयच प्लॅनिंग आणि इन्व्हेंटरी, म्हणजे मालाचा साठा. सीएससीपी त्याहून व्यापक, माल पुरवणाऱ्या व्हेंडरपासून ग्राहकापर्यंत. तिन्हींचा अभ्यास नोकरी सांभाळून होतो. पुढे एमबीए करावंसं वाटलं, तर पवईची नीटी ही व्यवस्थापन संस्था २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली आहे. तिथे कॅटमधून जाता येतं, आणि तेव्हा कारखान्यातला अनुभव तिच्या बाजूने बोलेल.

म्हणून क्लासचं नाव मी देत नाही. पैसे बँकेत राहू द्या. नोकरी मुळीच सोडायला लावू नका. सहा महिने मोकळे गेले, तर पुढच्या प्रत्येक मुलाखतीत पहिला प्रश्न त्याचाच येईल. भाच्याने सांगितलं ते त्याच्या जागी ठीक असेल, पण त्याने तिचं स्टोअर पाहिलेलं नाही.

आज ती घरी आली की तिच्या कामाचं विचारा. कुठला पार्ट जुळत नाही? सकाळच्या शॉर्टेज मीटिंगमध्ये काय झालं? व्हेंडरने आज कोणतं कारण सांगितलं? ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका. मग हे पत्र आणि माझं उत्तर, दोन्ही तिला वाचायला द्या. पैशांची सोय केली आहे हेही सांगा. आईवडिलांनी आपल्यासाठी एवढा विचार केला, हे तिला कळलंच पाहिजे. त्या पैशांचं काय करायचं ते तिला ठरवू द्या. न जुळणाऱ्या एखाद्या पार्टचा तीन महिन्यांचा हिशेब तिने मांडला असेल, तर तो घेऊन तिने मला स्वतः लिहावं. मी सविस्तर उत्तर देईन.