जाहिरात दिली आणि विक्री वाढली, पण ती जाहिरातीमुळेच वाढली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती व्यवसाय आहे, एप्रिलमध्ये सोशल मीडियावर जाहिराती सुरू केल्या, ऑर्डरी भरपूर वाढल्या आणि आता एजन्सी बजेट दुप्पट करा म्हणतेय. जाहिरात आणि ग्राहकांच्या वागण्यावर जे संशोधन होतं, त्याचा अशा निर्णयात काही उपयोग होतो का?

होतो, आणि लहान व्यावसायिकाला तर जास्तच. मी बाजार-संशोधनात काम करते. माझं स्पष्ट मत आहे की बजेट वाढवण्याआधी तुम्ही एक चाचणी घ्या.

एप्रिल म्हणजे आपल्याकडे वर्षाचा मसाला भरायचा महिना. मिरच्या वाळताहेत, कांडपाला रांगा लागल्यात, अशा दिवसांत मसाला जाहिरातीशिवायही खपतो. म्हणून ‘फेब्रुवारीपेक्षा एप्रिलमध्ये किती वाढ’ या हिशेबातून काही कळत नाही. जाहिरात दिलीच नसती तर एप्रिलमध्ये किती माल गेला असता, हे कळायला हवं. एजन्सीच्या डॅशबोर्डवर हा आकडा नसतो. जाहिरातीवर क्लिक करून कोणी घेतलं, एवढंच तिथे दिसतं. तो माणूस एरवीही आला असता का, हे दिसत नाही.

ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या अमेरिकी कंपनीने नेमकं हेच तपासलं होतं. लोक सर्चमध्ये ‘ईबे’ असं टाइप करायचे तेव्हाही कंपनी वर जाहिरात दाखवायची आणि प्रत्येक क्लिकचे पैसे मोजायची. 2012 मध्ये याहू आणि एमएसएन या सर्च इंजिनांवर या जाहिराती बंद केल्या, गूगलवर तुलनेसाठी चालू ठेवल्या. जाहिरातीतून येणारे जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून येतच राहिले! मग इतर शब्दांवरच्या जाहिरातींची पाळी आली. देशाच्या सुमारे 30 टक्के भागांत गूगलवरच्या जाहिराती थांबवल्या आणि उरलेल्या भागांशी विक्री ताडून पाहिली. फरक इतका थोडा होता की तो आहे असंही खात्रीने म्हणता येईना. टॉम ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांचा हा अभ्यास 2015 मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात आला.

मला त्यातला पुढचा निष्कर्ष सगळ्यांत मोलाचा वाटतो. जे ग्राहक नवे होते किंवा क्वचित खरेदी करायचे, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम झाला. नेहमीच्या ग्राहकांवर झाला नाही, आणि जाहिरातीचा बराचसा पैसा त्यांच्याच क्लिकवर जात होता. म्हणजे जाहिरात कुचकामी ठरली नव्हती, ती चुकीच्या माणसांना दाखवली जात होती. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की जुन्या गिऱ्हाइकांना आणि कार्टमध्ये पाकीट टाकून थांबलेल्यांना पुन्हापुन्हा रील दाखवण्याचा खर्च आधी तपासा. डॅशबोर्डवर सर्वांत झकास आकडे त्याचेच दिसतात, कारण ती माणसं खरेदीच्या उंबरठ्यावर आधीच उभी असतात.

चाचणी अशी करा. गेल्या वर्षीच्या कुरिअरच्या नोंदी काढा, साधारण सारखी विक्री असलेल्या जिल्ह्यांच्या जोड्या लावा. प्रत्येक जोडीतला कुठला जिल्हा बंद ठेवायचा, हे चिठ्ठी टाकून ठरवा. स्वतः निवडू नका, मन नकळत सोयीचा जिल्हा निवडतं. तिथे जाहिरात पूर्ण थांबवा. थोडीशी कमी करून भागणार नाही: लुईस आणि राव या अर्थतज्ज्ञांनी 25 मोठे प्रयोग तपासले, तेव्हा लाखो लोकांना जाहिराती दाखवूनही नफा-तोटा खात्रीने सांगणं अवघड गेलं होतं. तुमचे आकडे लहान, म्हणून बदल ठसठशीत हवा. भाव आणि सवलती दोन्हीकडे सारख्या ठेवा. व्हॉट्सॲप आणि फोनवरच्या ऑर्डरीही पिनकोडप्रमाणे मोजा, आणि मोबाइल नंबरवरून नवं गिऱ्हाईक कोणतं, जुनं कोणतं, हे वेगळं काढा. चाचणी पावसाळ्यात घेतलीत, तर तिचं उत्तर मसाल्याच्या हंगामाला लागू पडेलच असं नाही, तेव्हा पुढच्या मार्चमध्ये हीच चाचणी पुन्हा घ्या.

लोक तयार मसाला का घेत नाहीत हे सर्व्हेतून कळेल का, असंही तुम्ही विचारलंय. ‘तयार मसाला का घेत नाही?’ असं थेट विचारलंत तर बहुतेक जणी ‘चव नाही आवडत’ म्हणतील. 1950 मध्ये मानसशास्त्रज्ञ मेसन हेअर यांनी अमेरिकेत इन्स्टंट कॉफीबद्दल अभ्यास केला, तेव्हा बायका हेच म्हणत होत्या. मग त्यांनी किराणा सामानाच्या दोन याद्या केल्या. सगळं सारखं, फक्त एकीत नेसकॅफे इन्स्टंट आणि दुसरीत मॅक्सवेल हाउसची नेहमीची कॉफी. प्रत्येक बाईला एकच यादी दाखवून ‘हे सामान घेणारी बाई कशी असेल?’ एवढंच विचारलं. नेसकॅफेची यादी पाहिलेल्यांपैकी जवळपास निम्म्या जणींनी तिला आळशी ठरवलं. अडचण चवीपेक्षा लोक काय म्हणतील याची होती.

तयार मसाल्याबाबत आपल्या घरांतही असंच काही असेल, असा माझा अंदाज आहे, पण तो तपासूनच घ्या. अशाच दोन याद्या करा, एकीत तयार मसाल्याचं पाकीट, दुसरीत सुक्या मिरच्या आणि खडा मसाला. तुमची गिऱ्हाइकं नसलेल्या बायकांना दाखवा, सुनांना आणि सासवांना वेगवेगळं विचारा. ‘आळशी’ हा शब्द वारंवार आला, तर पाकिटावर ‘झटपट’ लिहू नका. मिरची कुठली, मसाला कोणी भाजला, कसा कांडला, ते दाखवा. चवीचीच तक्रार निघाली, तर जाहिरातीचे पैसे छोट्या नमुना-पाकिटांवर घाला.